हळू जा, रघूच्या रथा

३ नोव्हेंबर, सोमवार

पों—पोंऽ—पोंऽ. पों—पोंऽ—पोंऽ. पों—पोंऽ—पोंऽ.

आणि मग गप्प! माझा धाकटा भाऊ रघु काळाचौकीच्या नाक्यावरून टॅक्सी आत वळवायचा तेव्हा रबरी भोंग्यावर भुजंगप्रयात वाजवायचा. एक आखूड, दोन लांब. असं चार वेळा वाजलं की ओळ पुरी होते. पण हा तीनच वाजवणार. चौथं मी गॅलरीच्या कठड्यावर बोटांनी वाजवायचं. मग तो मान वर करून हसणार आणि मगच इंजिन बंद करणार.

वृत्तं मीच शिकवली त्याला. शाळेत गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरायचे, मी घरी येऊन रघूच्या पाठीवर धरायचो. त्याने टॅक्सी घेतली तेव्हा मागच्या काचेवर पांढऱ्या ऑइलपेंटने ओळही मीच रंगवली —

हळू जा, रघूच्या रथा, तू हळू जा!

कविता म्हणून काही खास नाही. पण वृत्त चोख! माझ्या सगळ्या लिहिण्यातली हीच एक ओळ मुंबईभर फिरली.

आज उठलो तर भोंगा कानात. गॅलरीत गेलो. टॅक्सी खाली हितेंद्रच्या भंगार आवारात, तिसऱ्या रांगेत, आहे तिथेच. पिवळं टप गंजून तपकिरी झालंय. ओळ दिसते अजून. शेवटचं 'हळू जा' तेवढं खरवडून गेलंय.

रघु कुठे आहे, कोण जाणे. सव्वीस वर्षं झाली.

५ नोव्हेंबर, बुधवार

दीपक आला होता — चाळ कमिटीचा सेक्रेटरी. डेंग्यूचा चौथा पेशंट आपल्याच मजल्यावर. खालच्या आवारात टायरांत पाणी, पाण्यात अळ्या. मी रोज वरून बघतोच की!

"अप्पा, तुम्ही म्युनिसिपालटीच्या लायसन्स खात्यात तीस वर्षं काढलीत. असा अर्ज लिहा की वॉर्ड ऑफिसातली खुर्ची हलली पाहिजे!"

लिहिला. फुलस्केपची तीन पानं. किती दिवसांनी पेनला तसला कागद मिळाला! 'उपरोक्त आवारातील सर्व वाहने विनाविलंब हटवून नष्ट करण्यात यावीत.' गॅलरीत सगळ्यांना वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. जरा चढलीच मला.

६ नोव्हेंबर

'सर्व वाहने'. सर्व म्हणजे तीसुद्धा. अरे मूर्खा!

९ नोव्हेंबर, रविवार

लिहून टाकतो एकदा. या वहीला तरी काय लाजायचं!

नव्व्याण्णव साल. ही खालचीच जागा तेव्हा मोकळी होती. रघूला टॅक्सी चालवून कंटाळा आला होता, इथे गॅरेज टाकायचं होतं. परवान्याचा अर्ज केला. फाइल फिरत फिरत आली कुणाच्या टेबलावर? माझ्याच.

मला ती दुसऱ्या टेबलावर सरकवता आली असती. नाही सरकवली. भावाला परवाना दिला असं कुणी म्हणू नये, एवढं एकच डोक्यात. शेरा मारला — 'निवासी वस्तीस उपद्रव संभवतो. परवाना नाकारावा.' सुवाच्य अक्षरात. खाली सही.

रघु घरी येऊन ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, एवढ्या मोठ्या शहराचा अधिकार तुझ्या पेनात. आणि पहिला वापरलास तो माझ्यावर."

कपड्यांची बॅग टॅक्सीत टाकली. नाक्यावर भोंगा वाजला नाही त्या दिवशी.

पुढे त्याच जागेवर हितेंद्रला परवाना मिळाला. गॅरेजचा नव्हे, भंगाराचा! तोवर मी रिटायर झालो होतो. दोन वर्षांमागे एका सकाळी बघतो तर क्रेनने रघूची टॅक्सी उतरवतायत. खाली धावलो. हितेंद्र म्हणाला, "वडाळ्याच्या एजंटकडून धा गाड्यांचा लॉट घेतला, अप्पा. चालवणारा कोण, ते मला काय मालूम?" वडाळ्याला चार खेपा घातल्या. टॅक्सीवाल्यांत कोणी म्हणे नालासोपारा, कोणी म्हणे गावी गेला. गावी नाही, ते मला माहीत आहे.

बायको, अंबिका, होती तेव्हा म्हणायची, "त्या टपाकडं काय बगत बसतास? तो काय टपात बसलोहा?" नाही गं. पण दुसरीकडे कुठे बघू?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वॉर्डातून इन्स्पेक्टर आला. राजरत्न नाव, वरळीच्या बीडीडी चाळीतला. तिशीचा असेल. टेप लावून रस्ता मोजला, टायर मोजले, बाटलीत पाणी भरून घेतलं. मी जिन्याखाली गाठलं त्याला.

"अर्ज तुमचा का सर? काय ड्राफ्टिंग आहे! पण 'वस्तीची शोभा जाते' हा मुद्दा मी सोडतोय. दिसायला वाईट म्हणून कुणाचा धंदा बंद करता येत नाही. डास, तेल, आग, अडवलेला रस्ता — आपला हात तेवढ्यापर्यंत पोचतो."

आपला हात! रिटायर माणसाला बरं वाटलं.

"आणि गाड्या?"

"क्रशरला जातील. तुम्हीच लिहिलंय ना?"

 सुनावणी बुधवारी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वॉर्ड ऑफिसात सुनावणी. चाळीतले वीसेक जण. हितेंद्रचा वकील तावातावाने — गाड्यांची नोंदणी, मोडतोड हे सगळं आरटीओचं, पालिकेचा संबंध काय? वॉर्डाचे साहेब शांत. म्हणाले, गाडीवर अधिकार सांगत नाही, गाडी ठेवलेल्या जागेवर सांगतोय. परवाना आम्ही दिला, तर अटीही आम्ही घालणार.

अटी! मी उभाच राहिलो. 

"साहेब, मग आणखी एक अट घाला. नोंदणीकृत मालकाला लेखी नोटीस गेल्याशिवाय एकही गाडी क्रशरला जाऊ नये. पंधरा दिवसांची मुदत. आणि गाड्यांची यादी ओळखीच्या खुणांसकट फाटकावर लावावी."

दीपकने सदरा ओढला. "अप्पा, तुम्ही आमच्या बाजूचे का भंगाराच्या? इथे पोरं तापाने फणफणलीत!"

बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, टायर आजच्या आज उचला, तेल आज काढा, त्याला मुदत नको. पण गाड्या कुणाच्या तरी आहेत.

राजरत्नने साहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. माझ्याच शब्दांत!

चाळीत परतताना माझ्याबरोबर कुणी चाललं नाही.

२० नोव्हेंबर

हितेंद्र स्वतः वर आला. रागावलेला वाटला, पण हातात कागद. "अट तुम्ही घातली, आता लिस्टपण तुम्हीच लिवा, अप्पा. माझा अक्षर म्हणजे मुंगी दारू पिऊन चालली."

चौतीस गाड्या. दुपारभर आवारात फिरलो. टायर सगळे गेले होते. ओळखीच्या खुणा लिहिल्या — 'डाव्या दाराला पोचा', 'आरशाला लहान मुलाचा बूट'. एकोणिसाव्या नंबरला आमची टॅक्सी. आत वाकून बघितलं. भोंग्याचा रबर चिरलाय. दाबला — नुसती हवा.

खूण लिहिली — 'मागील काचेवर अक्षरे: हळू जा, रघूच्या रथा, तू'. पुढे जागा सोडली. काचेवर तेवढंच आहे, म्हणून.

म्हणून नाही. वहीला खोटं कशाला सांगू?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टमन! रजिस्टर्ड. पालिकेचं पाकीट. फोडलं. 'श्री. रघुनाथ धोंडू पाताडे, खोली क्र. २७, तिसरा मजला...'

माझीच खोली! टॅक्सी इथे असताना नोंदवलेली. त्याने पत्ता कधी बदललाच नाही. तीस वर्षं लोकांच्या अर्जातला पत्ता तपासून घेतला मी, आणि हे सुचू नये?

नोटीस मीच घातलेल्या अटीने माझ्याकडेच आली. सही करून घेतली. 'घेणाऱ्याचे नाते' या रकान्यात पोस्टमनला सांगितलं, भाऊ.

पत्ता बदलला नाही त्याने. दिवसभर हेच घोळतंय. कंटाळा केला असेल. का बदलायचा नव्हता?

२९ नोव्हेंबर

फाटकापाशी दोन म्हातारे टॅक्सीवाले यादी वाचत होते. जुना माल बघायला आलेले. एकाने मोबाइलवर फोटो काढला. "काय मोत्यासारखं अक्षर आहे! ग्रुपवर टाकतो." मी विचारायला पुढे झालो आणि तसाच मागे फिरलो. वर येऊन बसलो.

१ डिसेंबर, सोमवार

तीन गाड्यांचे मालक आले. एकाने आरशाचा बूट सोडवून नेला, बाकी गाडी न्या म्हणाला. रडत होता.

एकोणीस नंबरला कुणी नाही.

दीपक मात्र आला. चाळीत नवा पेशंट नाही म्हणाला. मग जरा घुटमळून, "अप्पा, ती टॅक्सी रघुकाकांची ना? आई म्हणाली. आधी सांगायचं ना!"

३ डिसेंबर

उद्या मुदत संपते. परवा सकाळी ट्रक. हितेंद्र म्हणतो, काच काढून देतो तुम्हाला. काच घेऊन काय करू? तरी हो म्हटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दहाच्या सुमारास. बेल असूनही कुणीतरी दारावर ठोकलं.

टक—टाऽक—टाऽक. तीनदा. आणि मग गप्प.

उठलो. आतून फळीवर बोटांनी वाजवलं — चौथं. दार उघडलं.

चोवीस-पंचवीसची मुलगी. हातात मोबाइल, त्यात माझं अक्षर. मान वर करून हसली.

"मोठे काका ना? मी आरोही. पप्पा खाली उभेत. गुडघ्यांमुळे तीन जिने होत नाहीत. म्हणाले, बेल मारू नकोस, असं वाजव. आतून पुढचं आलं, तरच सांग मी आलोय म्हणून."

चपला कुठे होत्या कुणास ठाऊक. तसाच निघालो. मागून पोरगी ओरडत होती — "अहो काका, हळू! हळू जा ना!"