देवाच्या डोक्यावरचं ओझं

बेलवाडी, खडवलीजवळ
१ फेब्रुवारी २०२५

चि. संचिता हिस,
उत्तममामाचे अ. उ. आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. फोनवर तुझ्या मागे कायम ड्रिल चालू असतं, म्हणून लिहायला बसलो. आईला म्हणावं, तुझ्या धाकट्या भावाने एकदाचं चांगलं काम केलं.

नदीकाठच्या महादेवाचं देऊळ आठवतं ना? शिखर कधीच पडलेलं. गाभाऱ्याच्या माथ्यावर, भिंतींच्या अंगाला, मोठाले धोंडे ओळीने पडून होते. पंचवीस वर्षं गवंडीकाम करतोय, पण ते ओझं पाहिलं की माझीच मान दुखायची. या पौषात मी, पंढरी आणि चार गड्यांनी मिळून ते उतरवलं. त्याच दगडांचा बेलाच्या झाडाला पार बांधला. तुझे आजोबा त्या झाडाखाली उभ्याने पोथी वाचायचे, बसायला जागा नव्हती. पारावर आबांच्या नावाची पाटी लावलीय. महाशिवरात्रीला पूजा आहे, तू यायचंस.

आता खरी गोष्ट. धोंडे उतरवल्यापासून रोज सकाळी पिंडीवर चिमूटभर भस्म पडलेलं दिसतं. बारीक, राखाडी. रात्री दार कुलूपबंद असतं. गुरव म्हणतात, ओझं उतरलं म्हणून देव प्रसन्न झाला. टिटवाळ्याहून माणसं येऊ लागलीत, पुड्या बांधून नेतात. तू इंजिनियर, हसशील. हस. मला मात्र ते पाहून फार शांत वाटतं. सोबत छताचे फोटो ठेवलेत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

ठाणे
६ फेब्रुवारी

ती. उत्तममामांस,
संचिताचा शि. सा. नमस्कार.

मी हसले नाही, मामा. फोटो पाहून घाबरले. काल फोनवर सांगितलं तर तुम्ही बघतो म्हणून ठेवून दिलात, म्हणून लिहिते. पंढरीकाकांनाही वाचून दाखवा.

ते छत चुन्याने धरलेलं नाही. दगडांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत माथ्यापर्यंत नेलाय. प्रत्येक दगडाचं तोंड हवेत आणि शेपूट भिंतीत. परांचीची फळी बाहेर काढून तुम्ही टोकावर उभे राहता, तेव्हा मागच्या टोकावर पंढरीकाकांना बसवता ना? ते धोंडे म्हणजे पंढरीकाका. तुम्ही त्यांना उठवलंत.

उत्तरेच्या तिसऱ्या थरात बोटभर फट आहे, आणि ती ताजी आहे. दगड पुढे झुकतोय, दगडावर दगड घासतोय. पिंडीवर पडतं ते त्याचं पीठ. दाराला कुलूप लावा, आत कुणालाही सोडू नका. रविवारी आमच्या सरांना घेऊन टेकू द्यायला येते.

रागावलात तरी चालेल, अबोला धरू नका.
संचिता

बेलवाडी
११ फेब्रुवारी

चि. संचिता हिस, अ. उ. आशीर्वाद.

तुम्ही टेकू देऊन गेलात तेव्हापासून कुलूप आहे. गावाला मी आत साफसफाई चाललीय असं सांगितलं. देवळाच्या पायरीवर बसून खोटं बोललो. धोंडे परत चढवायचे तर आबांचा पार फोडावा लागेल, हे मी सोसेन. पण ज्यांनी भस्म म्हणून कपाळाला लावलं, त्यांना काय सांगू? गुरव म्हणतात, महाशिवरात्रीला तरी दार उघडा. तुझं मत लिही. फोनवर नको, फोनवर मी नुसता हो म्हणून टाकेन.

मामा

ठाणे
१४ फेब्रुवारी

ती. मामांस, शि. सा. नमस्कार.

दार उघडायचं नाही, एवढं मी खात्रीने सांगते. लोकांना काय सांगायचं ते मला सांगता येत नाही. मी तिथे राहत नाही, तुम्ही राहता. आई म्हणते, जेवत जा.

संचिता

बेलवाडी
२ मार्च

चि. संचिता हिस, अ. उ. आशीर्वाद.

१७ तारखेला मारुतीच्या ओट्यावर गाव बसलं, तिथे सगळं सांगितलं. चूक माझी, हेही. मग सरपंचाचा मुलगा संदेश म्हणाला की मामांनी भस्म बंद करायला ठाण्याहून इंजिनियर आणले. दोघेतिघे हसले. गुरव माझ्याकडे न बघता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पाटी काढून घरी ठेवली आणि एकटाच पार फोडायला लागलो. थोड्या वेळाने पंढरी आला, त्याने पहार उचलली. तुझ्या सरांनी सांगितल्याप्रमाणे पावसाने झिजलेली बाजू वर येईल असं बघून एकेक धोंडा आपल्या जागी चढवला. शिवरात्रीला पूजा मंडपाबाहेरूनच झाली. माणसं कमी आली. सर परवा म्हणाले, फट आता वाढत नाही, टेकू मात्र पावसाळाभर राहू द्या.

एक घर राहिलं होतं. पंढरीची आई, विमलाबाई, बैठकीला नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याचा उजवा हात लुळा आहे, आणि गेला महिनाभर त्या त्यावर रोज ते भस्म चोळत होत्या. पंढरीला घरी सांगायचा धीर झाला नव्हता. काल मी गेलो. दारातच उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी पुडी आणली, सोडली, बोटाने चाचपून पाहिली.

“दगडाचं आहे ना? त्याच देवळाच्या?”

मी हो म्हटलं.

“मग राहू दे माझ्याकडे. तुला तुझं सांगायचं होतं, ते सांगितलंस. आत ये, बस.”

त्यांनी पुडी पुन्हा बांधून देव्हाऱ्यात ठेवली आणि चहाचं आधण टाकलं. मी आत जाऊन बसलो.

मामा