‘पूररेषा’बद्दल माझं मत

कारेलीबाग, बडोदे
मंगळवार

प्रिय शलाका,

तुझा मेसेज येऊन आज अकरा दिवस झाले. बारा तारखेला बडोद्यात तुमच्या बँडचा कार्यक्रम आहे, माझ्यासाठी खुर्ची ठेवलीस, पण त्याआधी तुमचा ‘पूररेषा’ हा आल्बम ऐकून मला काय वाटलं ते मी सांगायचं. माझं मत, दुसऱ्या कुणाचं नको. आणि आवडलं नसेल तर येऊ नका, मी पुन्हा कधी विचारणार नाही, असं तू लिहिलंस. अगं, बापाला अशा धमक्या देतात का? ते ‘पुन्हा कधी’ वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचलं, तर तेच लिहिलेलं. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. तुझी आई म्हणते पित्त झालंय, आणि रोज कोकम सरबत पाजते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनचं आणि माझं जमत नाही, तुला ठाऊकच आहे. दोन वाक्यं झाली की मी ‘थांब, आईला देतो’ म्हणून मोकळा होतो. म्हणून वही घेऊन बसलोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आधी एक कबूल करतो. तू माझंच मत मागितलंस, आणि मी गावभर फिरून दुसऱ्यांची मतं गोळा केली. आल्बम आला त्याच दिवशी अवनीने तो माझ्या मोबाइलवर लावून दिला होता. तुझी ही चुलत बहीण हल्ली गुरुवारी क्लासच्या मधल्या वेळात आपल्याकडे जेवायला येते. सहा ट्रॅक, त्रेपन्न मिनिटं, शब्द एकही नाही. ती म्हणाली, काका, याला पोस्ट-रॉक म्हणतात, यात गाणारा नसतो, वातावरण असतं. मी म्हटलं, वातावरण तर बाहेरही आहे, बेचाळीस डिग्री. ती पोट धरून हसली. मग ठरवलं, आपल्याला कळत नाही तर चार जणांना विचारू. कारखान्यात मी चौतीस वर्षं हेच केलं. माप घेतल्यावर शंका आली की दुसऱ्याला हाक मारायची, त्याच्या हातात गेज द्यायचं, आणि दोघांचं जुळलं की काम पुढे सोडायचं. म्हटलं, हेही तसंच होईल. कसलं काय!

अवनीला सांगितलं, इंटरनेटवर लोक जे म्हणतायत ते वाचून दाखवू नकोस, कागदावर उतरवून दे. तिने बिचारीने दोन पानं भरून दिली. शिलाँगचा एक जण म्हणतो, हा आल्बम ऐकताना कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला. त्याच्याखाली नागपूरची एक बाई म्हणते, जीव गुदमरला, अर्ध्यात बंद केला. एकाने लिहिलंय, दुसऱ्या ट्रॅकला मला झोप लागली, आणि पाच तारे दिलेत. दुसऱ्यालाही झोपच लागली, त्याने एक तारा दिलाय. एक शहाणा लिहितो, गिटारी धुक्यात हरवतात हेच यांचं यश. त्याच्यावर दुसरा शहाणा म्हणतो, धुकं पुष्कळ आहे, रस्ता कुठेच नाही. तिसऱ्या ट्रॅकवरून तर दोघांची जुंपलीच. एक म्हणतो, कोणीतरी घर सोडून निघालंय. दुसरा म्हणतो, छे, कोणीतरी घरी परत येतंय. अकरा वेळा एकमेकांना उत्तरं दिली त्यांनी, शेवटी एकमेकांची अक्कल काढली आणि गप्प बसले. च्यामारी, दोघांनी एकच ट्रॅक ऐकला ना?

म्हटलं, ही परकी माणसं, आपली तरी काही नीट सांगतील. तुझ्या आईने इअरफोन कानात घालून पोळ्या करायला घेतल्या. चौथ्या ट्रॅकला ती लाटणं हातात धरून नुसती उभी राहिली आणि तव्यावरची पोळी जळली. काय झालं विचारलं तर डोळे पुसत म्हणाली, पोरगी तिकडे एकटी पडलीय हो. दुसऱ्या दिवशी तिने तोच ट्रॅक पुन्हा ऐकला आणि म्हणाली, नाही, मजेत आहे ती, मीच उगाच घाबरले. एकाच माणसाची चोवीस तासांत दोन मतं! मी वैतागलो तर म्हणते, काल मला पोरीची काळजी होती, आज सकाळी तिचा फोन येऊन गेला.

शेजारच्या किरीटभाईंनी फारच मनापासून ऐकलं. कथेला बसल्यासारखे हात जोडून अकरा मिनिटं बसले, आणि मग हळूच मला विचारलं, ‘बळवंतभाई, गावानुं क्यारे चालु थशे?’ गाणं यात सुरूच होत नाही हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग हे लग्नाच्या जेवणाला फार छान, लोकांना आपसांत बोलता येईल. रागावू नकोस, त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं. त्यानंतर सुभानपुऱ्याला दत्ताजीरावाकडे गेलो. कारखान्यातला माझा जुना जोडीदार, भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून त्याच्यावर माझी सगळी भिस्त होती. तर त्याने सहाव्या मिनिटाला मोबाइल उलटा करून ठेवला. बडोद्यात मोठा पूर आला त्या वर्षी त्याचं तळमजल्याचं घर गेलं होतं, पेटीसकट. म्हणाला, पाणी चढतंय रे यात, मी बसल्या जागी पायऱ्या मोजायला लागलो. मला वाटलं, संपलं, याला नाही आवडलं. दोन दिवसांनी त्यानेच तुझ्या आईला फोन करून सांगितलं, ते पुन्हा पाठवा, रोज सकाळी ऐकायचंय. आपल्या जिन्याच्या भिंतीवरही पुराची रेघ अजून आहे, तिच्यावरूनच तू हे नाव ठेवलंस म्हणे. पण ज्याचं घर बुडालं त्याने ते रोज का ऐकावं, मला सांग!

माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. एकाच तयार भागावर दहा जणांनी गेज लावलं आणि दहा मापं आली, तर आम्ही गेज फेकून द्यायचो. इथे कुणाला फेकू? आईला? वर अवनी म्हणते, काका, सगळेच बरोबर आहेत. अगं, सगळेच बरोबर कसे असतील? कोणीतरी निघालंय की कोणीतरी येतंय, यातलं एकच काहीतरी होणार ना? की दोन्ही होतं? मी वहीत दोन रकाने आखले, आवडलं आणि नाही आवडलं. तुझ्या आईचं नाव दोन्हीकडे लिहिलं, दत्ताजीरावाचंही दोन्हीकडे, आणि किरीटभाई कुठे बसवायचे ते कळेना. माझं नाव तर कुठेच लिहिता येईना. शेवटी ते पान फाडलं.

आता त्या दिवाळीबद्दल. तू नोकरी सोडल्यानंतरची पहिली दिवाळी. जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवून तू तुमचं पहिलं रेकॉर्डिंग मला ऐकवलंस, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी पंख्याकडे बघत होतो. संपल्यावर तू विचारलंस, कसं वाटलं? मी म्हटलं, बरं आहे, आणि टाकीत पाणी किती आहे ते बघायला गच्चीवर गेलो. खाली आलो तेव्हा मोबाइल तुझ्या खिशात गेला होता आणि तू आईशी चिवड्याबद्दल बोलत होतीस. त्यानंतर तू मला काही ऐकवलं नाहीस. तुला वाटलं असणार, नोकरी सोडल्याचा राग बाबा असा काढतायत. नोकरीवरून मी तुला नको ते बोललो हे खरं आहे, आणि ते सगळं मी मागे घेतो. पण त्या दिवशी उठून गेलो त्याचं कारण ते नव्हतं. टाकी भरलेली होती. मी पहाटेच भरली होती.

मला ऐकू आलं नव्हतं, बाळा. त्या मोबाइलमधून टेबलावर काहीतरी किरकिरतंय, एवढंच कळत होतं. सगळा जन्म कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात गेला. कानात घालायला बोळे मिळायचे, ते मी खिशात ठेवायचो, कारण मशीन ऐकू आलं नाही तर बिघाड कसा कळणार, ही माझी मिजास. गेल्या महिन्यात कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवला. वरचे बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, ते काही परत यायचे नाहीत. खालचे जाड आवाज थोडेफार शिल्लक आहेत. कानाला ऐकण्याचं मशीन लावा म्हणाले. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. टीव्ही मोठा लावतो म्हणून ती भांडते आणि मी भांडू देतो. आता तिला सांगेन. लाज वाटायची गं. आणि तुझ्यापुढे सगळ्यात जास्त. पोरगी वाजवते आणि बापाला ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

परवा पुन्हा दत्ताजीरावाकडे गेलो. भजनी मंडळाचा कमरेएवढा स्पीकर त्याच्या पुढच्या खोलीत असतो. त्याच्यावर ‘पूररेषा’ लावायला सांगितलं आणि पिशवीतून मोठा स्क्रूड्रायव्हर काढला. मशीनचं बेअरिंग तपासताना आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचो आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबून धरायचो, आतली सगळी धडधड हाडातून कळायची. तसंच केलं. दत्ताजीराव बघतच राहिला. आणि शलाका, आलं गं! वरच्या गिटारी, ते धुकं, ते वातावरण, ज्याच्यावरून लोक भांडतायत, त्यातलं मला काही आलं नाही. आली ती फक्त तुझी चार जाड तारांची बेस गिटार. घरी येऊन अवनीची दोन्ही पानं पुन्हा वाचली, तुझ्या बेसबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. आणि मला तेवढंच ऐकू येतं. त्रेपन्न मिनिटं मी तुला एकटीला ऐकलं. पाचव्या ट्रॅकमध्ये तू मधेच थांबतेस, तेव्हा वाटलं स्पीकर बंद पडला, मूठ इतकी दाबली की कानामागे वळ उठला. मग तू परत आलीस, आणि मी त्या स्पीकरपुढे खाली बसून रडलो. हे सुखाचं आहे की दुःखाचं ते मला अजूनही कळलेलं नाही, तू भेटलीस की विचारीन. माझं मत एवढंच, की तू कुठेही घाई केली नाहीस आणि बाकीच्यांपैकी कुणाला पडू दिलं नाहीस. फार आवडलं मला. बारा तारखेला मी येतोय. तुम्ही वायरी जोडत असाल तेव्हाच येईन, कारण मला खुर्ची नको, तुझ्या स्पीकरला हात लावून खाली बसायचंय. लोक बघतील, हा म्हातारा कोण म्हणून विचारतील. त्यांना सरळ सांग, हे माझे वडील आहेत, यांना ऐकू येत नाही.

तुझाच,
बाबा