सुईतला कंद

भोकरदन,
संवत्सरीचा दुसरा दिवस, १९५७

प्रिय मंजू,

काल घरातल्या लहानथोरांनी एकमेकांपुढे हात जोडले, वर्षभरात चुकलं-माकलं असेल तर माफ करा म्हणाले. सासूबाईंनी माझ्यापुढे जोडले, मीही जोडले. तोंडाने म्हणायचं ते म्हटलं, पण मनातून काही उठलं नाही बघ. सगळा निर्जळी उपास वाया गेला असं वाटलं. आपण दोघी शाळेत मराठी लिहायला शिकलो ते बरं झालं. सासूबाईंना हे वाचता यायचं नाही.

तुला एवढंच ठाऊक आहे की जेठात माझं चौथंही पोटातच गेलं. कसं गेलं ते कुणी सांगितलं नसेल. मला या वेळी जालन्याच्या दवाखान्यात सासूबाईंनीच हट्टाने नेलं होतं. हो, त्यांनीच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बाईच्या अंगातच एक रस तयार होतो आणि तो गर्भाला धरून ठेवतो. काहींच्या अंगात तो कमी पडतो, मंग गर्भ टिकत नाही. तोच रस आता तेलात मिसळून सुईने देता येतो. खात्री देत नाही म्हणाल्या, पण करून बघू. अगं, इतकी वर्षं कुणी मला पांढऱ्या पायाची म्हणायचं, कुणी मागच्या जन्मीचं कर्म काढायचं, आणि निघालं काय, तर अंगात एक रस कमी! हसू आलं आणि रडूही आलं. पहिल्या सुया घेतल्या आणि डाग पडायचा तो थांबला. मी पोटावर हात ठेवून बाळाचं नाव ठरवत बसायचे. ठरवलं होतं गं. ते आता लिहीत नाही.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी विचारलं, यात जनावराचं काही न्हाई ना? विचारणारच त्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं, म्हातारीचा जीव भांड्यात पडेल. त्या मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, पूर्वी जनावरांच्या अंगातून काढायचे, आता बिलकुल नाही. दूर देशातल्या रानात एक कंद होतो, त्यापासून करतात. झालं! कंद म्हटल्याबरोबर सासूबाईंनी माझी बाही खाली ओढली. जिच्या चुलीवर जन्मात कांदा-बटाटा चढला नाही, तिच्या सुनेच्या अंगात कंद! घरी येऊन त्या रडल्या. म्हणाल्या, एका जिवासाठी कंदातले अनंत जीव मारायचे, तर ते पोर कसलं पाप घेऊन जन्माला येईल? मी म्हटलं, सुंठ चालते, हळद चालते, तीही जमिनीतलीच ना? म्हणाल्या, ती वाळलेली असते, हे कसं असतं कुणाला ठाऊक. त्या खरंच भ्यायल्या होत्या, माझ्या पोरासाठीच. हेच तर सोसत नाही, मंजू. दुष्ट असत्या तर कडाकडा भांडले असते.

शेवटी ठरलं, महाराजसाहेबांना विचारायचं, ते हो म्हणाले तर सुई. पण चातुर्मास लागला नव्हता, तोवर साधू एका गावी राहत नाहीत, महाराज विहारात, रोज या गावाहून त्या गावाला पायी. तुझे जिजाजी मोटारीने निघाले. अंबडला पोचले तर महाराज सकाळीच गेल्ते. तुझ्याकडे वडीगोद्रीला पाणी पिऊन गेले, आठवतं? दुकानाच्या कामाने आलो म्हणाले असतील. तुझ्या जिजाजींना मोटारीत बसूनसुद्धा पायी चालणारा माणूस गाठता येईना! इकडे सुईच्या औषधाच्या कुप्या कपाटात, आणि डाग परत सुरू झालेला. मी हातापाया पडले, ते येईपर्यंत तरी घेऊ द्या म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, आधीच घ्यायचं तर विचारायचं कशाला? बराबर होतं त्यांचं. त्यांचं सगळं नेहमी बराबरच असतं.

गाठ पडली ती एका आंब्याखाली. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि कंदाचं काही विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, औषधाचं वैद्याला विचारावं, आणि बाई अशी असताना तिच्याजवळ कुणाला ठेवून आलास? ऊठ, जल्दी घरी जा. तुझे जिजाजी परतले तेव्हा मला जालन्याला न्यायला लॉरी दारात उभी होती. पोर गेलं होतं. मुलगा होता. रक्त थांबेना म्हणून डॉक्टरीणबाईंनी पिशवीच काढली. मी त्यांना विचारलं, त्या सुया घेतल्या असत्या तर राहिला असता का? म्हणाल्या, सांगता येत नाही. तेवढंच घेऊन मी झोपते आणि तेवढंच घेऊन उठते.

पिशवी काढल्याचं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या माझ्या पुढच्या बाळासाठी आयंबील करून राह्यल्यात, दिवसातून एकदाच जेवण, तेही बिनमिठाचं, बिनतुपाचं. वाळून काटकी झाल्यात. आणि त्यांचं ते ताट रोज मीच वाढते. काय सांगू त्यांना? काल त्यांनी हात जोडले तेव्हाही हे सांगितलं नाही.

तुमच्याकडे शेणपाण्याला येणारी आसराबाई इकडे माहेरी आल्ती. तिने सांगितलं, तुला दिवस गेलेत, आणि तू डाग पडलेली लुगडी लपवून तिच्याकडे धुवायला देतेस. जीजीला वाईट वाटेल म्हणून मलाही कळवलं नाहीस. वेडी कुठली! माझ्या उरलेल्या कुप्या तिच्याच हाती, मुगवड्यांच्या डब्यात घालून पाठवते आहे. मला त्यांचा आता काय उपयोग? डोळे दुखतात म्हण, दात दुखतो म्हण, पण उद्याच जालन्याला निघ. कुप्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेव आणि त्या म्हणतील तसं कर. बाळ राहील की नाही, ठाऊक नाही. मला आता कशाचीच आशा वाटत नाही, तुलासुद्धा खोटी आशा लावणार नाही. पण कुणाला काही विचारू नकोस, मंजू. घरी कुणी विचारलं कशापासून केलंय, तर सांग, मला ठाऊक नाही. खोटं बोलण्याचं पाप लागलं तर ते माझं. एवढं तरी माझ्या पोटात राहू दे.

तुझीच,
सायरजीजी