निकेशच्या उजव्या हातातलं घड्याळ

१२ जून १९९७

गाडी गेली! चांगली धावती हिरो होंडा गेली आणि तिच्या बदल्यात घरात आलं काय — घड्याळ! तेही दुसऱ्याने वापरलेलं!

सकाळी निकेश गाडीवरून रोह्याला गेला आणि संध्याकाळी एसटीने परत आला. मला वाटलं पंक्चर झाली असेल. तर दारातच हात पुढे केला. "बघ." मनगटावर हे धूड. काळी तबकडी, स्टीलचा पट्टा, काचेच्या कडेला ओरखडेच ओरखडे.

(चारचौघांत मी 'अहो' म्हणते. इथे निकेशच म्हणणार. एवढी तरी मुभा मला असावी.)

रोह्याला माझ्या माहेरच्या आळीत कमळाकर म्हणून एक आहेत. बोटीवर इंजिनियर होते, आता घरी बसून जुनी परदेशी घड्याळं विकतात. त्यांच्याकडून आणलं. त्यांना गाडी दिली, वर त्यांच्या सोसायटीचा गणपती पाच वर्षं आपल्याकडून फुकट. "रोलेक्स हाय गो, रोलेक्स! गुहेत उतरणारे, बर्फात जाणारे, ते घालतात असलं."

आणि हमरापूरचे गणपती रंगवणारे!

१३ जून

सासूबाईंना घड्याळाची किंमत कळत नाही, पण वापरलेली वस्तू बरोबर कळते. "कुणाच्या मनगटावरचं हाय कोण जाणे. मेला असंल तो मानूस. जरा गोमूत्र तरी शिंपड." निकेश म्हणाला, "आई, शंभर मीटर पाण्याखाली चालतं ते. गोमूत्रानं काय व्हतंय त्याला!"

शंभर मीटर! हा धरमतरच्या खाडीत गुडघ्यापर्यंत उतरत नाही.

आपण जुनी लुगडी बोहारणीला देऊन भांडी घेतो. आमच्या घरात गाडी देऊन दुसऱ्याचं जुनं घेतात. आणि वर ओरखडे पुसायचे नाहीत म्हणे! कमळाकरांनी बजावलंय. "ओरखडे हीच त्याची शान." कुणी नॉर्वेचा खलाशी गुहांत सरपटत होता, त्याचे ओरखडे. खलाशी सरपटला आणि मान हा मिरवणार.

१९ जून

उजव्या हातात घालतो! सगळी दुनिया डाव्या हातात घालते, पण नाही, याला दाखवायचंय ना! विचारलं तर म्हणे, "मला बरं वाटतं." झोपताना काढत नाही, आंघोळीला काढत नाही. लग्नातली अंगठी कधीच कपाटात गेलीय, तिचं काही नाही.

आज पेणच्या स्टँडवर आम्ही तासभर उभे होतो. गाडी नाही ना आता! दुनिया पालथी घालणाऱ्यांचं घड्याळ हातात आणि हमरापूरला जायला टमटम मिळेना. मी हसले तर तोंड फिरवून उभा राहिला.

३ जुलै

आता खरं लिहिते, ज्याने मला आग लागलीय ते.

आमच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात, आणि ते एकच माणूस आखतो. आजवर बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी आखले. दत्तात्रेयांच्या हातचे डोळे म्हणून लोक नागोठण्यापासून येतात. देव्हाऱ्यात ठेवला की कुठेही बसा, बाप्पा तुमच्याकडेच बघतो. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन गणपतीनंतर. मग कुंचला कोणाच्या हातात द्यायचा?

मी सहा वर्षं फुटक्या मूर्तींवर आखणी गिरवलीय. बाबांनी स्वतः दोनदा "बरा हात हाय" म्हटलंय. पण नियम! आखणी करायची तर सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी, आणि हात उघडा. अंगठी नको, दोरा नको, काही नको. मी विचारलं, मग मी का नको? तर, "काकणं वाजतात गो. आणि सवाशिणीनं काकणं उतरवायची नायत."

झालं! कुंचला निकेशला मिळाला. आणि निकेश आज सकाळी पाटावर बसला तो ते लोखंड मनगटावर घेऊन! मी म्हटलं, "बाबा, हात उघडा हवा ना?" बाबा म्हणाले, "घड्याळ वाजत नाय."

माझ्या दोन काचेच्या बांगड्या वाजतात. याचं पावशेर स्टील चालतं! वा रे नियम!

४ जुलै

त्याने आखलेले डोळे बघितले. एका बाप्पाचं डावं बुबुळ आढ्याकडे, उजवं दाराकडे. सगळा दोष त्या घड्याळाचा. एवढं ओझं बांधल्यावर हात चालेल कसा?

बाबांना दिसत नाही. बाकीचे गडी निकेशसमोर बोलत नाहीत.

५ जुलै

आज दुपारी जेवून पुरुष लवंडले. मी पांढरा रंग घेतला, बिघडलेले डोळे बुजवले आणि नव्याने आखले. बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून वर फडकं गुंडाळलं. एकदासुद्धा वाजल्या नाहीत.

निकेशसाठी नाही केलं. बाप्पासाठी केलं. लोक आरती करणार आणि बाप्पा आढ्यातली पाल बघणार का?

१५ जुलै

रोज दुपारी तेच. सकाळी हा बिघडवतो, दुपारी मी सुधारते.

आज कमळाकर आले — माझ्या गाडीवरून! चहा झाला. निकेशने बशी बाजूला सारली, कपातूनच प्यायला, तोही डाव्या हाताने. साहेब झालेत आता! उजवा हात खिशात. मग कमळाकरांनी मला घड्याळ समजावून सांगितलं, मी विचारलं नसताना. त्यात चौथा काटा आहे, नारिंगी. तो दिवसातून एकदाच फिरतो. गुहेत उजेड नसतो, तिथे आता दुपारचे दोन की रात्रीचे दोन हे त्यावरून कळतं.

मी म्हटलं, "आमच्याकडे दुपारचे दोन मला बरोबर कळतात."

कुणाला काही उमगलं नाही.

आणि मग बाबा काय म्हणाले ऐका! मूर्तींजवळ जाऊन, अगदी नाक लावून बघून म्हणाले, "पोराचा हात बसला. घड्याळाचा पायगुण!" माझे डोळे! माझ्या दुपारच्या झोपा! आणि श्रेय घड्याळाला! निकेश काय बोलला? काही नाही. खाली बघत राहिला. एवढा निर्लज्ज असेल असं वाटलं नव्हतं.

२२ जुलै

लाईट गेले होते. निकेश ओसरीवर झोपला होता, घड्याळासकट. मी कंदील घेऊन जवळ बसले आणि बघितलं ते.

चिडायला होतं, पण लिहिते — देखणं आहे. म्हणजे नटवं नाही. सोनं नाही, खडा नाही, उगीच नक्षी नाही. जे आहे ते कशासाठी तरी आहे. काटे जाड, अंधारात दिसावेत म्हणून. काच पुढे आलेली, पट्टा असा की तुटणार नाही. कुणीतरी खूप विचार करून, फक्त काम डोळ्यांसमोर ठेवून केलंय. आमच्या रंगकामात असं करणारा एकच माणूस होता, बाबा.

कुणाला का भुरळ पडते ते कळलं मला. म्हणूनच जास्त राग आला. कामाच्या माणसासाठी बनलेली वस्तू आणि घालून हा बसलाय!

२ ऑगस्ट

आता पावत्याही मी लिहायच्या! "मृणाली, तूच लिही, तुझं अक्षर चांगलं हाय." कालपर्यंत स्वतः लिहायचा. गोण्या उतरवायला गडी, पावत्या लिहायला बायको, डोळे सुधारायलाही बायको. साहेबांनी फक्त वेळ बघायची.

संध्याकाळी मी सरळ बाबांकडे गेले. म्हटलं, कुंचला मला द्या. एक दिवस. समोर बसून आखून दाखवते. सासूबाई आतून, "पोराचा मान घालवायला निगाली गो ही!" निकेश दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. नुसतं "देऊन बघा" म्हणायचं होतं. पण तो हात खिशात घालून बाहेर निघून गेला.

ठीक आहे. बघ आता.

३ ऑगस्ट

माहेरी चालले. ऐन हंगामात. दुपारी झोपा म्हणावं सगळ्यांनी निवांत!

७ ऑगस्ट, रोहा

चार दिवस कुंचला हातात नाही. बोटं शिवशिवतात. आई विचारते, "काय गो, भांडलीस?" मी म्हणते, नाही, दमले.

बाजारात कमळाकर भेटले. जावयाचं कौतुक करायला लागले! "तुझ्या नवऱ्याचं मला नवल वाटतं. लोक कंपनी विचारतात, साल विचारतात. यानं काहीच नाय विचारलं. चार घड्याळं एकामागून एक हातात घालून बघितली, प्रत्येक वेळी हात असा पुढे धरून उभा राहिला. आणि सगळ्यात जड होतं ते घेतलं."

वजनावर! रद्दीवाला बरा. तो निदान तराजू तरी आणतो.

१४ ऑगस्ट

काल परत आले. आणि आज व्हायचं तेच झालं.

गडब गावचे बाबाजी हायवेवर मांडव घालून मूर्ती विकतात, दरवर्षी आमच्याकडून टेम्पो भरून नेतात. मी नसताना नेला होता त्यांनी माल. आज तो टेम्पो परत आणून दारात लावला! विकायला नेलेला गणपती परत आला असं आमच्या कारखान्यात कधी झालं नव्हतं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

बाबाजी बिचारे हळू बोलत होते. "दत्तादादा, राग मानू नका. गिऱ्हाईक उचलतं न खाली ठेवतं. बाप्पा बघत नाय हो आमच्याकडं."

बाबा एक मूर्ती घेऊन उन्हात गेले. डोळ्यांना दिसेना म्हणून बोटाने चाचपलं. रंगाच्या रेघेवर बोट फिरवत राहिले. मग आत आले आणि निकेशला म्हणाले, "उद्या सकाळी माझ्यासमोर बस. ते घड्याळ काढून. हात उघडा पायजे, मी पोरासाठी नियम मोडला ती चूक केली."

निकेश म्हणाला, "घड्याळ राहू दे बाबा."

"काढायचं."

"नाय काढत मी!" असा ओरडला की गडी थांबले. बापावर ओरडला! घड्याळासाठी!

मी बोलले. सगळं बोलले. दुपारी कोण आखत होतं ते, कोणाचा पायगुण होता ते, फडकं गुंडाळलेल्या बांगड्यांचं, सगळं. बाबाजींसमोर. म्हटलं, "एवढं प्रेम असेल घड्याळावर तर त्याच्याशीच संसार करा." कोणी अडवलं नाही. निकेशने एकदा माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि मान खाली घातली. हळूच म्हणाला, "उद्या काढतो."

छान वाटलं! खोटं कशाला लिहू, फार छान वाटलं.

१५ ऑगस्ट, सकाळी

पाट मांडलाय. बाबा बसलेत. झेंडावंदनाला गेलेली पोरं परत यायच्या आत उरकायचं म्हणतायत. निकेशची आंघोळ चाललीय, बराच वेळ. मी सगळ्यांच्या पुढे बसणार आहे. आज तो माज उतरताना मला नीट बघायचाय.

१५ ऑगस्ट, दुपारी

घड्याळ काढलं त्याने. हात कापायला लागला. मनगटापासून बोटांपर्यंत, थांबेचना. कुंचला मूर्तीपर्यंत पोचलाच नाही, खाली पडला. कोणी उचलला नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "शिमग्यापासून हाय गो. वाढत चाललाय. वजन असलं की जरा कमी हालतो." मग म्हणाला, "दुपारी तू आखतेस ते ठाऊक व्हतं मला. त्याच्यावरच तर चाललं व्हतं."

बाबांनी कुंचला माझ्यापुढे ठेवला. मी घेतला नाही. आधी घड्याळ उचललं आणि त्याच्या हातात बांधायला लागले. पट्ट्याचा खटका मला लागेना. डाव्या हाताने त्यानेच दाखवलं, कुठे दाबायचं ते.