थांबलेल्या गाडीजवळून जाताना

३ जून
तरी माझं म्हणणं तेच. चूक ॲम्ब्युलन्सची होती. इथं आखातातल्या हायवेवर चारही इंडिकेटर लावून कडेला उभी. आपल्याकडं मुरुडच्या नाक्यावर चारही इंडिकेटर लावले म्हणजे गाडी सरळ जाणार, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मी कंपनीची गाडी मागं थांबवून तिला सरळ जाऊ दिलं. अकरा मिनिटं ती गेलीच नाही. टायर बदलत होते म्हणे. माझ्या मागं साठ गाड्या. कंपनीचं वॉर्निंग लेटर, पहिलं. तीन झाली की ड्रायव्हरकी गेली, परत हेल्पर.
होणार नाहीत. महिनाअखेर ड्रायव्हर पक्का, आणि गावी माझ्या बाला होडीच्या इंजिनासाठी तीस हजार. बोलून बसलोय. मासेमारीची बंदी उठायच्या आत आमची ‘सगुणा’ पाण्यात.

७ जून
सेफ्टीचा क्लास. शिकवायला हेतल मॅडम, वापीच्या. मराठी बोलायला बघतात. नियम असा: लाल-निळा दिवा लावून गाडी कडेला थांबली असेल तर स्पीड कमी करायचा, मधली एक लेन सोडून जायचं, थांबायचं नाही. मॅडमनी विचारलं, भाई, समजला काय? म्हटलं, मॅडम, आम्ही साळावच्या पुलावर एसटीला साइड देणारी माणसं. सगळा क्लास हसला. कौतुकानं असावं.
संकल्प: एक लेन काय, दोन सोडायच्या.

११ जून, दुपारी
तीन लेनचा रस्ता, इथं गाड्या उजवीकडून चालतात. उजव्या कडेला ॲम्ब्युलन्स. मोठ्या मनानं दोन लेन सोडल्या. उरलेली तिसरी यू-टर्नची निघाली. उलट्या दिशेला चार किलोमीटर जाऊन परत वळून आलो, तर बया तिथंच. पुन्हा दोन सोडल्या. अशा तीन फेऱ्या. तिसऱ्या वेळी ॲम्ब्युलन्सवाल्यानं हात केला. ओळख झाली. कामगारांच्या कॅम्पवर पाण्याच्या बाटल्या तासभर उशिरा.
दुसरं लेटर.

१४ जून
घरी फोन. बाला नियम समजावला. बा भडकला. म्हणतो, समिंदरात होरी बंद परलेली दिसली तं बाजूला जावाचा, इचारावाचा, दोर टाकावाचा. सोरून जाईल तो आपला न्हाय.
म्हटलं, बा, हा रस्ता हाय.
तर म्हणतो, रस्त्यावरची मानसं बुरत न्हाईत काय?
जुनं माणूस. ट्रॅफिक कळत नाही.

१९ जून
प्रॅक्टिस. रूममेट बाळाजी, श्रीवर्धनचा, मेसमध्ये भाकऱ्या थापतो. त्याला खोलीत आडवा झोपवून ॲम्ब्युलन्स केला. मी थाळीचं स्टेअरिंग धरून: स्लो, एक लेन, पुढं. दहापैकी नऊ वेळा पास. दहाव्या वेळी पाय पडला त्याच्या पोटावर. म्हणाला, मुडद्या, आता मलाच ॲम्ब्युलन्स बोलव.
नव्वद टक्के. शाळेत कधी पडले नव्हते.

२६ जून
आज आगीचा बंब कडेला उभा होता. सगळं बरोबर केलं. स्लो. एक लेन, एकच. निघालोच होतो, तेवढ्यात त्यांचा माणूस फडकं हलवायला लागला. आता पाण्यात कुणी फडकं हलवलं तर त्याचा एकच अर्थ. इथं त्याचा अर्थ ‘पुढं हो’, हे क्लासमध्ये सांगायला नको? गाडी बाजूला नेली, काय झालं बाबा विचारलं, आणि सीटखालचा दोर फेकला.
त्यानं झेलला. कॅमेऱ्यात सगळं आलं.

२८ जून
कंपनीनं माझा फोटो भिंतीवर लावला. आमच्या वाडीत पहिलाच. फोटो झकास, दोर अगदी हवेत. खाली पाच भाषांत लिहिलंय. हिंदीत आहे, ‘ऐसा न करें’. बाकी चार भाषांत काय कौतुक केलंय ते कळलं नाही.
सोबत तिसरं लेटर.

३० जून
हेल्पर. बरंच झालं, स्टेअरिंगची कटकट गेली.
घरी बँकेचा सर्व्हर बंद आहे असं सांगायचं ठरलं होतं. तोंडातून दोराचंच निघालं. बानं विचारलं, त्यानं झेलला?
झेलला, म्हटलं.
तर तिकडं आईला ओरडून सांगतो, आयकलंस का गो, पोराचा दोर झेलला त्यांनी!
इंजिनाचं विचारलंच नाही.
कंपनीचा दंड, मेस आणि बाळाजीच्या पोटाचं मलम वजा जाता बाला पाठवले: रुपये दोन हजार सातशे.