कादंबरीतली धायरी

धायरी, पुणे ४१
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

प्रिय नीरजा,

आशीर्वाद आहेतच, ते काही वेगळे पाठवावे लागत नाहीत. पार्सल पोचलं. त्यात तुझ्या कादंबरीची टाइप केलेली चळत, बडोद्याच्या हिरव्या चिवड्याची दोन पाकिटं, बाबांना कानटोपी आणि मला गुडघ्याचं तेल, एवढं निघालं. वर कुरिअरची चिठ्ठी तीनशे ऐंशीची. अगं, साध्या पोस्टानं निम्म्यात आलं असतं. चिवड्याचं एक पाकीट फुटून पहिल्या दोन पानांना तेल लागलं होतं. त्यांना पावडर चोळून उन्हात ठेवली, आता वाचता येतात. टोपी बाबांना घट्ट होते, पण ते तसं म्हणायचे नाहीत. घालून बसलेत.

सोबत तू लिहिलंस, की आई, आपल्या धायरीवरच लिहिली आहे, छापायला देण्याआधी ठिकाणांत काही चुकलं असेल तर सांग. तर आधी ते. गावाला तू नदीकाठ दिला आहेस. नदी कुठे आहे आपल्याकडे? ती रस्त्यापलीकडे लांब. आपला तो कालवा. तुला शोभेला नदी हवी असेल तर ठेव, पण इथलं कुणी वाचलं तर हसेल. फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत होती म्हणतेस. ज्वारी एकाच बाजूला होती. दुसऱ्या बाजूला वीटभट्टी, आणि तिची काजळी आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. टँकर आला की बायका भांडतात, असंही आहे. आम्ही भांडत नाही, नंबर लावतो. भांडण होतं ते नंबर मोडणाऱ्याशी. शेवटची बस कधीच यायची नाही, हे मात्र अगदी बरोबर. आणि कोथिंबिरीच्या दोन रुपयांसाठी मंडई या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घालणारी ती बाई मी आहे, हे कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. राग नाही आला. फक्त ते दोन रुपये नव्हते, चार होते, आणि जुडीही मोठी होती.

हे सगळं मी एकटीनं, घरात बसून वाचायला हवं होतं. तसं केलं नाही, आणि आता माझं कशातच मन लागत नाही. पूजेत दोनदा घंटा वाजवली गेली, काल आमटीत मीठ राहिलं. बाबा म्हणाले, अगं, तुला झालंय तरी काय? काय सांगणार त्यांना!

झालं असं. कार्तिकीला देवळातली चातुर्मासाची पोथी संपली. दुपारी जमायची सवय लागलेली, आणि वाचायला काही नाही. तेवढ्यात तुझं पार्सल आलं. मी चारचौघींत बोलून गेले, की नीरजानं आपल्या धायरीवर पुस्तक लिहिलंय. सगळ्या म्हणाल्या, मग तेच वाचा की. सुनीतीबाई, त्या सदाशिव पेठेतून इकडे राहायला आलेल्या निवृत्त शिक्षिका, त्या तेवढ्या म्हणाल्या, धायरीवर कादंबरी? वा! आता कात्रजच्या बोगद्यावर महाकाव्य आलं की आम्ही सुटलो. म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी येऊन पुढची जागा धरली ती त्यांनीच.

मी चळत चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. छापलेली नसली तरी अक्षरं म्हणजे सरस्वतीच. आणि नियमही पोथीचेच ठेवले. रोज एक प्रकरण. घरी पुढचं चाळायचं नाही. प्रकरण अर्ध्यावर सोडून उठायचं नाही. तू हसशील, पण मला दुसऱ्या तऱ्हेनं वाचताच येत नाही गं. बायका वाढत गेल्या, मागच्यांना ऐकू येईना आणि आवाज चढवावा लागला, तेव्हा मला केवढा अभिमान वाटत होता म्हणून सांगू! ज्या गावाला पूर्वी रिक्षावाला यायला तयार नसायचा, ते माझ्या लेकीनं कागदावर बसवलं. किराणावाल्याचं आलं की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. अमरावतीकडची ती दीपमाला, आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते ती, ती तर म्हणाली, काकू, मले बी टाकाले सांगा न तिले, लहानसं टाकलं तरी चालते.

दुर्गाबाई खांबाला टेकून वाती वळत ऐकायच्या. तुला त्यांच्याबद्दल मी काय सांगायचं? आपलं घर उभं आहे ती दीड गुंठा जागा त्यांच्याच मालकांकडून घेतलेली. तू आणि त्यांचा ज्ञानदेव एका वर्गात. सगळं रान विकून झालं आणि शेवटी विहिरीचा तुकडा राहिला. तोही बिल्डरला द्यायचा ठरला, तेव्हा ज्ञानदेव बापाला आडवा गेला. मोजणीला आलेल्या लोकांसमोर बापानं त्याच्या तोंडात मारली. दुसऱ्या दिवशी बाप व्यवहाराच्या सहीला गेला आणि पोरगा घरातून निघून गेला. तुमची बारावी झाली त्या वर्षी. तेव्हापासून ना चिठ्ठी, ना निरोप. बाप त्याच झुरणीला लागून गेला. पोरगा गेला तेव्हा दुर्गाबाई कालव्यावर धुणं धुवायला गेल्या होत्या, परत येऊन बघतात तर खुंटीवरची पिशवी नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. आम्ही सगळ्यांनी ते त्यांच्याच तोंडून किती वेळा ऐकलेलं.

आणि सहाव्या प्रकरणात तुझा तो सुदर्शन घर सोडतो. त्याची आई मुक्ताई कालव्यावर नसतेच, घरातच असते. तीच त्याला जुन्या लुगड्याच्या फडक्यात तीन भाकरी बांधून देते, ठेचा देते, गुळाचा खडा देते. तीच हातानं कडी काढते आणि म्हणते, मागं बघू नको, मागं बघणाऱ्याचा पाय निघत नाही. तो दिसेनासा झाल्यावर धुतलेलेच कपडे पाटीत घालून ती कालव्यावर जाते, लोकांनी तिला तिथं बघावं म्हणून.

वाती वळणारे हात थांबलेले मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. घसा बसला म्हणायचं, पाणी मागायचं, काहीही. पण प्रकरण अर्ध्यावर सोडायचं नाही हा नियम डोक्यात इतका मुरलेला, की मी वाचतच गेले. ओळीमागून ओळ, चांगल्या खणखणीत आवाजात, त्या बाईच्या पुढ्यात बसून. संपलं तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले. सुनीतीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, शुद्धलेखन बरं आहे पोरीचं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. दुर्गाबाईंनी प्रसाद घेतला नाही. वाती तशाच टाकून गेल्या.

मी चहाचं आधण ठेवते आहे तोवर त्या आपल्या दारात. आत या म्हटलं तर येईनात. म्हणाल्या, वैनी, ह्ये नीरजाला कुनी सांगितलं? मी म्हटलं, अहो, कादंबरी आहे ती, लिहिणाऱ्याला सुचतं तसं काहीबाही. त्यावर म्हणाल्या, सुचतं? ठेच्यासंगं गूळ सुचतो व्हय कुनाला? त्याला तिखाट सोसत न्हवतं म्हून मी दिला त्यो. फडक्यात तीनच भाकरी हुत्या, चौथी भाजाया पीठ न्हवतं. मग उंबऱ्यावरच बसल्या आणि इतक्या वर्षांचं सगळं सांगितलं. त्यांचे मालक जाताना म्हणाले होते, तू घरात आसतीस तर पोरगं गेलं नसतं. तरीही त्या गप्प राहिल्या होत्या. म्हणाल्या, म्या मालकाला न्हाई बोलले, देवाम्होरं न्हाई बोलले. दोघांनाच ठावं हाय, वैनी. येक मी, आन् दुसरा त्यो.

मला वाटलं, आता या रडतील, मला दोष देतील, गावभर केलंस म्हणतील. तर नाही. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, म्हंजी त्यो नीरजाला घावला. बोलला तिच्यासंगं. जित्ता हाय माझा ज्ञानू.

तेव्हापासून त्यांचे पाय ठरत नाहीत आणि त्यामुळे माझेही. त्यांनी मागची खोली पांढरी करून घेतली. गादी पिंजायला टाकली. त्याला जोंधळ्याचीच भाकरी लागते म्हणून मंडईत जाऊन शाळू घेऊन आल्या, एवढ्या गुडघ्यांनी. सकाळी आमच्या फाटकाशी येऊन बसतात त्या दिवेलागणीपर्यंत, आणि मी केर टाकायला गेले तरी विचारतात, लिव्हलं का नीरजाला? आन् म्होरं वाचा की, वैनी, त्यो माघारी कवा येतोय त्ये तरी आइकू द्या. मी आधी घसा धरल्याचं सांगितलं. मग देवळाला रंग लागतोय म्हणून वाचन बंद ठेवलं. रंग खरंच लागतोय, खोटं बोलले नाही, पण एकाच भिंतीला लागतोय. बायका कुजबुजायला लागल्या आहेत. सुनीतीबाईंनी तर विचारलं, पुढची पानं उंदरांनी वाचली का?

रविवारी तुझा फोन आला, आवडली का म्हणालीस, तेव्हा दुर्गाबाई माझ्या समोरच बसल्या होत्या, माझ्या ओठांकडे बघत. म्हणून मी छान आहे गं म्हणून फोन ठेवला. तुला लागलं असेल. तुझी आई एवढी कोरडी नाही.

कादंबरी चांगली झाली आहे, हे आता मोकळेपणानं सांगते. तुझ्याएवढी मी शिकले नाही, पण आपल्या गल्लीतला दुपारचा शुकशुकाट, वाळवणाचा वास, विकलेल्या विहिरीवर ज्या दिवशी स्लॅब पडला त्या दिवशी सगळ्यांनी केलेलं उगाचचं हसणं, हे वाचताना अंगावर काटा आला. गाव गेलं, पण तुझ्याकडे उरलं. ते तू दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव न लावता धायरी म्हणूनच लिहिलंस, हेही बरं केलंस. मात्र गावाचं नाव खरं ठेवलं की माणसं आपापल्या घरी जाऊन कडी तपासतात, नीरजा. याचा विचार तू केला होतास का?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. रविवारी तुझा फोन ठेवल्यावर देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि पुढची सगळी पानं शेवटपर्यंत वाचून काढली. तुझा सुदर्शन परत येत नाही. परगावच्या दवाखान्यात, रक्त तपासायला आलेल्या बाईच्या बोलण्यावरून तो तिला ओळखतो. ती त्याच्या गावची निघते. मग ती रोज येऊन त्याच्या खाटेशी बसते, तो तिला घरचं सगळं सांगतो, आईला काही कळवू नको अशी शपथ घालतो, आणि दिवाळीच्या आधी जातो. तूही दवाखान्यात रक्तच तपासतेस, नीरजा. गेल्या वर्षी दिवाळीला आली नाहीस, रजा नाही म्हणालीस, नंतर कितीतरी दिवस फोनवर नुसतं हं हं करत होतीस. त्यानंतरच तू लिहायला बसलीस. भाकरी खरी निघाली, गूळ खरा निघाला. म्हणून विचारते, शेवटही खरा आहे का? छापायचं काय आणि वगळायचं काय ते तू बघ, मी त्यात पडणार नाही. शपथ घातली असली तर ती आपणहून न कळवण्याची होती, आई विचारत असताना गप्प बसण्याची नव्हती. ज्ञानदेव कुठे असेल तर त्याचा पत्ता लिही, मी बाबांना घेऊन स्वतः जाईन, दुर्गाबाईंनाही नेईन. नसेल, तर तसं दोन ओळींत लिही. त्यांना ते मी सांगेन. कागदावरून वाचून नाही, जवळ बसून सांगेन. फोन करू नकोस, फोन घेताना माझा चेहरा त्यांच्यापासून लपत नाही. स्पीडपोस्टचे पैसे पडले तरी पडोत, पण हे पत्र हातात पडताच उलट टपाली उत्तर टाक. त्या आत्ताही फाटकाशी बसल्या आहेत.

तुझीच,
आई