गाडीचं नाक

१४ ऑक्टोबर ९८, बुधवार

गेले. पितांबरभाऊजी सकाळीच गेले. गाडीची किल्ली देव्हाऱ्यापुढे ठेवली, मला वाकून नमस्कार केला — रोजच्यासारखाच — आणि एसटीने धुळ्याला. तिथल्या आपल्या दुकानामागच्या खोलीत राहणार म्हणे.

काल मी काय बोलले ते लिहायला नको वाटतं. पण लिहिते. शेजारच्या इंदिराबाई बसलेल्या. हे जेवत होते. भाऊजी धुळ्याहून येऊन हात धूत होते. मी म्हटलं, "एवढं पेट्रोल गाडी पिते, की तुम्ही बाहेर विकता?"

"वहिनी, गाडीच पिते."

मी हसले! इंदिराबाईही हसल्या. ह्यांनी मान वर केली नाही. भाकरी कुस्करत राहिले.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी दुसरीत होते. सासूबाई आधीच गेलेल्या. ह्यांच्या धाकट्या भावाला मीच न्हाऊ घातलं, पाढे शिकवले. मिशी फुटेपर्यंत 'अरे पितांबर' म्हणायचे, मग 'अहो भाऊजी' झालं. त्या पोराला मी चोर म्हटलं.

१५ ऑक्टोबर

वरण-बट्टी केली. भाऊजींना करपट आवडतात म्हणून दोन बट्ट्या निखाऱ्यात जास्त ठेवल्या. मग आठवलं. गायीला घातल्या.

१६ ऑक्टोबर

पण मी तरी काय करू? पेट्रोलचा हिशेब मी लिहिते. गाडी मुंबईहून घेतली — जुनीच, पण इंजेक्शनच्या इंजिनाची — तेव्हा धुळ्याच्या फेरीला लागायचं त्याच्या आता दुप्पट लागतं. फेऱ्या तेवढ्याच! आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, भाऊजींनी मूळचा पाइप काढून इंदूरचं हेडर बसवलं. म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या. तेव्हापासून गाडी गल्लीत शिरली की म्हातारा खाकरावा तशी खाकरते. मला वाटलं, पोराचा शौक वाढला. एक शौक दिसतोय, दुसरा लपवत असेल.

मनात आलं होतं तर एकटं गाठून विचारायचं. चारचौघांत कशाला?

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

भाऊजी आले नाहीत. धुळ्याच्या दुकानाची पूजा तिथेच केली.

ह्यांनी इथल्या दुकानाची पाटी रंगवून आणली. आधी 'चौधरी बंधू, ठिबकचे पाइप' होतं. आता नुसतं चौधरी. मी म्हटलं, "बंधू कुठे गेले?" म्हणाले, "रंग उडाला होता. नवीन लिहायला जागा पुरली नाही."

जागा पुरली नाही! एवढी मोठी पाटी!

इंदिराबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. "काय वं ताई, दीर कोठे गया? हिस्सा पडना का?" म्हटलं, वाटणी कसली, कामात आहेत. देवासमोर दिवा लावताना खोटं बोलले.

७ नोव्हेंबर, शनिवार, संकष्टी

पद्मालयाला जाऊन आलो. हे आणि मी. काल मी स्वतः पंपावर उभी राहून दहा लिटर टाकून घेतलं. दर्शन छान झालं. गणपतीपुढे म्हटलं, भाऊजींना सुबुद्धी दे.

येताना पाळधीच्या अलीकडे गाडी बंद. पेट्रोल संपलं! मागे काळा धूर, लुगड्याला पेट्रोलचा वास. काटा पार खाली आणि समोर एक पिवळा दिवा पेटलेला. "हा कशाचा?" म्हटलं. हे म्हणाले, "तो असाच पेटतो."

हे डबा घेऊन पंप शोधायला गेले. मी रस्त्याच्या कडेला, पदर डोक्यावर घेऊन. आज गाडीत आम्ही दोघंच. मी तर कुठे विकलं नाही.

चंद्र उगवला तरी उपास सोडवेना. सुबुद्धी कोणाला मागत होते मी!

१० नोव्हेंबर, मंगळवार

हे चाळीसगावला गेलेले. मी शेजारच्या पोरासोबत गाडी कौतिक मिस्त्रीकडे नेली. म्हटलं, हिचा पिण्याचा रोग बरा करून दे.

कौतिक दोनदा म्हणाला, "दादांना विचारून करू ना, वहिनी?" मी म्हटलं, "दादांची गाडी ती माझी नाही का?" मग गाडीखाली शिरला.

बाहेर येऊन मला बोटाएवढा तुकडा दाखवला. काजळीने भरलेला. निघता निघत नव्हता — नळी तापवून, लांब पान्याने दोघांनी ओढला. "हा सेन्सर. गाडीचं नाक समजा. धुराचा वास घेऊन इंजिनला सांगतं, पेट्रोल कमी सोड, जास्त सोड. हेडर नीट बसलेलं नाही. जोडातून बाहेरची हवा शिरते. नाकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. मग गाडी ओतत सुटते."

"म्हणजे गाडीला पडसं झालंय म्हण की."

"पडसं बरं, वहिनी. हिचं नाक पार बसलंय."

हसले. घरी येऊन रडले.

नवीन सेन्सर मुंबईहून येईल. जोडही नवा बसवायचा. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "कशाला त्यात पडतेस? विकून टाकू गाडी." एवढंच.

२१ नोव्हेंबर

सेन्सर बसला, जोड बसला. पिवळा दिवा विझला. पहिल्यासारखंच पेट्रोल लागतं. तीन फेऱ्या पाहिल्या.

भाऊजी खरं बोलत होते.

२४ नोव्हेंबर, मंगळवार, धुळे (लिहिते आहे घरी येऊन)

पहिल्या एसटीने गेले. ह्यांना सांगितलं, देवदर्शनाला जाते.

भाऊजी खोलीत स्टोव्ह पेटवत होते. वाळले आहेत. मला पाहून घाईने खाटेवरचे कपडे उचलले. मी उभ्यानेच म्हटलं, "अरे पितांबर, चुकलं माझं." किती वर्षांनी 'अरे' निघालं तोंडातून!

"वहिनी, तुम्ही असं बोलू नका. मला पाप लागेल."

"मग चल घरी."

"नाही."

चहा केला. साखर फार घातली, तसाच प्याले. मी म्हटलं, "सेन्सर खराब आहे, हे मला एकदा तरी सांगायचं होतंस. मी काय ऐकलं नसतं?"

कितीतरी वेळ पंप मारत बसला. स्टोव्ह तर विझवलेला. मग म्हणाला, "कौतिकनं श्रावणातच सांगितलं होतं. मला आणि दादांना, दोघांना. दादा म्हणाले, दिवाळीनंतर बघू."

"मग मी बोलले तेव्हा तू गप्प का राहिलास?"

"दादा गप्प होते ना, वहिनी."

स्टँडवर सोडायला आला. वाकला. माझा हात त्याच्या डोक्यावर पोचेपर्यंत उभाही राहिला.

एसटीत सारखं मनात — हे विसरले असतील. ह्यांच्या मागे व्याप किती. दुकान, उधारी, दिवाळी. माणूस विसरतो. विसरलेच असतील.

२५ नोव्हेंबर

विचारलं.

हे म्हणाले, "ठाऊक होतं. पण 'वेगळा हो' असं मी सांगून तो झाला नसता. तुझा शब्द त्याने कधी मोडलाय?"

आणि चहा मागितला.